पॉट की मशीन

रोसारिओ, ३ ऑक्टोबर १९९७

सुल्मा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू नको नको त्या कल्पना करशील, म्हणून आधीच सांगतो, सगळं ठीक आहे. एक साधी गोष्ट विचारायची होती. घरी आइस्क्रीम करायला मशीन घ्यायचं तर कोणतं घ्यावं?

हसू नकोस. सान लुईस रस्त्यावरच्या त्या दुकानात तू इतकी वर्षं काउंटरला उभी होतीस, आणि नेउकेनलाही तेच काम करतेस असं कानावर आलं. मिक्सर, पंखे, इस्त्र्या यांतलं तुला जेवढं कळतं तेवढं मला नकाशांतलंही कळत नाही, आणि मी भूगोल शिकवून पोट भरतो. हल्ली बाहेरचा माल इतका आलाय की दुकानात शिरलं की डोकंच चालत नाही. एका दुकानात जाड भांड्याचं मशीन दाखवलं. भांडं आदल्या दिवशी फ्रीजरमध्ये ठेवायचं, दुसऱ्या दिवशी त्यात दूध-साखर ओतून बटण दाबायचं. दुसरीकडे एक होतं ते आपलं आपणच गार होतं, आत फ्रीजसारखा कॉम्प्रेसर आहे म्हणे. उचलायला दोन माणसं लागतील असं धूड. आणि तिसरा तो लाकडी बादलीचा पॉट, भोवती बर्फ नि खडे मीठ भरायचं आणि हँडल फिरवत बसायचं. तो आता कुणी विकत नाही, पण तेक्ला म्हणते, तिच्या चर्चच्या कोठीत एक पडलाय.

ही माझी बहीण तेक्ला काही बदललेली नाही. मी विषय काढला तर म्हणाली, "रोसारिओत राहून घरी आइस्क्रीम? नदीकाठी घर बांधून अंगणात विहीर खणणारा माणूस बघायचा राहिला होता, तो माझ्याच आईच्या पोटी निघाला."

खरंय. दर कोपऱ्यावर दुकान आहे. तरी मला मशीन हवंय. म्हणून कृपा करून एवढं सांग. चालू असताना झाकणातून आतलं दिसतं का? अगदी थोडं, एका वाटीपुरतं केलं तर होतं का, की मशीनला पोटभर लागतं? मध्येच थांबवून बघितलं तर बिघडतं का? आणि सुरू केल्यापासून खायला मिळेपर्यंत किती वेळ जातो? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.

उन्हाळा तोंडावर आलाय आणि आपल्या ऑर्नेलाला आइस्क्रीम आवडतं, बाकी काही नाही. ती बरी आहे. सध्या शाळेत जात नाहीये. वसंत आला की तिचं नाक गळायला लागतं, तुला माहीतच आहे.

उत्तर माझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठव, घरी नको. फोनही करू नकोस. हॉलमधलं बोलणं तिच्या खोलीत ऐकू जातं आणि तिची झोप मोडते.

नेरेओ

रोसारिओ, १७ ऑक्टोबर

सुल्मा,

तुझं पत्र शिक्षकांच्या खोलीत उघडलं. मशीनबद्दल एक अक्षर नाही. नुसतं, "नेरेओ, एका वाटीपुरतं आइस्क्रीम कोण करतं? तिला काय झालंय?"

गिऱ्हाइकाला नेमकं काय हवंय ते त्याने न सांगता ओळखायची तुझी सवय मी विसरलोच होतो.

तिने जेवण सोडलंय. थंडी पडायच्या आधीपासून. आधी मांस बंद झालं, मग ब्रेड, मग जे काही पांढरं असेल ते. मला वाटलं, वयात आलेल्या मुलींची खुळं असतात, उतरेल. ती दोन-दोन स्वेटर घालायची आणि मी मूर्खासारखा म्हणायचो, यंदा थंडी जास्तच आहे. ऑगस्टमध्ये, ऐन हिवाळ्यात, शाळेच्या जिन्यात चक्कर येऊन पडली. दवाखान्यात स्वेटर काढले तेव्हा मी तिथल्या नर्सला म्हणालो, ही माझी मुलगी नाही. खरंच म्हणालो. नाकातून नळी घालून त्यांनी तिला तारलं. सप्टेंबरात घरी सोडलं. आता डॉक्टर रुबिन्स्की म्हणून एक बाई आहेत, त्यांच्याकडे आम्ही जातो. त्या म्हणतात हा हट्ट नाही, आजार आहे, आणि आजाराला आवाज असतो, तो तिच्या डोक्यात दिवसभर बोलत असतो.

तुला का कळवलं नाही? दवाखान्यात तिने माझी बाही धरली आणि म्हणाली, "आईला सांगितलंस तर मी बरी होणार नाही. शपथ घे." मी घेतली. तू असतीस तर तूही घेतली असतीस. माझी बाही धरलेला तो हात तू पाहिला नाहीस.

आता ती शपथ मोडलीये. तेव्हा सगळंच सांगतो.

रुबिन्स्कीबाईंनी तिला विचारलं, "असं एक तरी खाणं सांग, ज्याची भीती जरा कमी वाटते." ऑर्नेलाच्या उत्तराची वाट बघत मी खिडकीबाहेरच्या झाडाची पानं मोजायला लागलो. मग म्हणाली, "आइस्क्रीम. स्ट्रॉबेरीचं." मी खुर्चीतून अर्धा उठलोच, आत्ता घेऊन येतो म्हणून. तर म्हणाली, "दुकानातलं नाही. माझ्यासमोर केलेलं. त्यात काय काय पडतं ते मला दिसलं पाहिजे."

तरी मी एकदा तिला कोपऱ्यावरच्या दुकानापाशी नेऊन बघितलं. काचेआडच्या त्या डब्यांकडे ती बघत राहिली आणि तिचे दात वाजायला लागले. रस्त्यावर लोक हाफ शर्टात फिरत होते.

बाईंनी मला एकच अट घातलीये. "तिला काय द्यायचं ते आपण मिळून ठरवू. पण त्यात काय आहे याबद्दल तिच्याशी खोटं बोलायचं नाही. एकदा पकडले गेलात, की तुमच्या घरातला पाण्याचा ग्लाससुद्धा तिला खोटा वाटेल."

म्हणून मशीन. आता सांगशील का कोणतं?

आणि येऊ नकोस, हात जोडतो. तू आत्ता बसस्टँडचं वेळापत्रक शोधत असशील. ती दारात तुला बघेल आणि तिला कळेल की बापाने शब्द मोडला. या घरात तिने विश्वास ठेवावा असं दुसरं माणूस मी अजून तयार केलेलं नाही.

नेरेओ

रोसारिओ, ३० ऑक्टोबर

सुल्मा,

पाच पानं मिळाली. पहिली चार मी गुपचूप वाचली, त्यांतलं काही नाकारत नाही. "बायको गेली तरी पोरगी दिसत होती ना?" हे वाक्य दोनदा लिहिलंयस. एकदा पुरलं असतं.

पाचव्या पानावर तू लिहितेस, कॉम्प्रेसरचंच घे, वाट बघावी लागली तर घात होईल. तुझं पत्र यायच्या आधी मी जाड भांड्याचं घेऊन बसलो होतो. मला वाटलं, छोटं आहे, सुटसुटीत आहे, तिला घाबरवणार नाही.

भांडं शनिवारी फ्रीजरमध्ये ठेवलं. रविवारी करायचं ठरलं होतं. शनिवारी संध्याकाळी ती पाणी प्यायला आली, फ्रीजर उघडून भांड्याकडे बघितलं आणि बंद केला. थोड्या वेळाने पुन्हा. मग जेवताना पुन्हा उठली. मी विचारलं, "काय गं?" तर म्हणे, "काही नाही, गोठलंय का बघते." रविवारी सकाळी तिचे डोळे सुजलेले. रात्रभर त्या भांड्याशीच तिचं भांडण चाललं असणार. मी दूध काढलं, कोरोंदाहून आलेल्या स्ट्रॉबेऱ्या धुतल्या, ताज्या, लालभडक. वाटीत टाकणार तेवढ्यात ती उठून न्हाणीघरात गेली आणि आतून कडी लावली.

"ऑर्ने, आपण नुसतं बघूया. खायचं नाही."

"तू खोटं बोलतोयस. केलं की खायलाच लागतं."

बरोबर होतं तिचं. मी दाराबाहेर फरशीवर बसून राहिलो आणि स्वयंपाकघरात ते रिकामं मशीन घुंई घुंई करत फिरत होतं, बंद करायचं मला सुचलंच नाही. शेवटी तेक्ला तिच्या खालच्या मजल्यावरून वर आली आणि तिने वायर उपटली.

आता तुझ्या शेवटच्या ओळींबद्दल. "दुधात गुपचूप साय घाल, लोणी घाल, बाईमाणूस असतं तर केव्हाच घातलं असतं." तेक्लाही हेच म्हणते. काल माझ्यासमोर तिने सायीची बाटली आणून ठेवली आणि म्हणाली, "डॉक्टरणीच्या गळ्यात नाहीये ती पोर. पाप लागलं तर मला लागू दे." मला मोह झाला नाही असं समजू नकोस. मी बाटली हातात घेऊन उभा होतो. दोन चमचे, कोण बघतंय? मग ऑर्नेला येऊन दारात उभी राहिली आणि तिने माझ्या हाताकडे बघितलं. मी तिच्यादेखत बाटली तेक्लाला परत दिली आणि म्हणालो, "ही खाली घेऊन जा, आणि कॉफीत घालून तूच पी."

मी केलं ते बरोबर का चूक, मला कळत नाही. तू म्हणशील, तत्त्वं घेऊन बस, पोरगी हातची जाईल. तेच मला दिवसभर ऐकू येतं, वर्गात आणि बसमध्येसुद्धा. आजकाल आवाज फक्त तिच्याच डोक्यात नाहीत.

नेरेओ

रोसारिओ, १३ नोव्हेंबर

सुल्मा,

चर्चच्या कोठीतला पॉट आणला. तेक्लाने तो खाली अंगणात उकळत्या पाण्याने घासला, तिची गाणाऱ्या बायकांची टोळी मदतीला होती. लाकूड फुगवायला पाण्यात भिजत ठेवला, तेव्हा कुठे गळायचा थांबला. माझा हिशेब असा होता की इथे वाट बघणं नाही. बर्फ आणला की लगेच सुरू. आणि झाकण काढून केव्हाही आत बघता येतं.

आता काय झालं ते सांगतो. वाचून लगेच पत्र चुरगाळू नकोस.

सुरुवात चांगली झाली. दूध तिने मापलं, साखर तिने मापली, स्ट्रॉबेऱ्या तिने चिरल्या. मी बर्फ फोडून भोवती भरला. मग ती म्हणाली, "हँडल मी फिरवते." मला इतका आनंद झाला. म्हटलं, पोरीने आपणहून काहीतरी हातात घेतलं. तेक्ला खुर्ची टाकून बसली, मी माते चहासाठी पाणी ठेवलं, तिघं मिळून काहीतरी करतोय असं वाटलं.

आइस्क्रीम घट्ट झालं. हँडल जड झालं. मी म्हणालो, "झालं, ऑर्ने, बघूया." ती थांबेना. "अजून थोडं." तिच्या कपाळावर घाम, कानशिलावरची शीर टरारलेली, दंड थरथरतायत, हात बदलून पुन्हा फिरवते. तेक्लाचं तोंड उतरलं, माझ्याआधी तिच्या लक्षात आलं. ऑर्नेला आइस्क्रीम करत नव्हती, सुल्मा. खाण्याच्या आधीच ती ते फेडत होती. जेवढं पोटात जाईल त्याहून जास्त तिला हातातून काढून टाकायचं होतं.

मी तिची बोटं हँडलवरून सोडवायला गेलो. तिने माझ्या मनगटात नखं रोवली. "सोड! झालं नाहीये! तुला काय कळतंय?" असं किंचाळली की शेजारच्यांनी खिडकी उघडली. शेवटी तेक्लाने मागून तिला कवेत घेतलं, नुसतं धरून ठेवलं, आणि ती ओल्या फडक्यासारखी तिच्या अंगावर पडली. आइस्क्रीम कुणीच खाल्लं नाही. पॉट तेक्लाने खाली नेला.

रुबिन्स्कीबाईंना सांगितलं. मला वाटलं त्या म्हणतील, ही यंत्रांची खुळं बंद करा. त्या म्हणाल्या, "तुम्ही तिच्यासाठी मशीन निवडताय. तिला विचारलंत का कधी?"

मी नाही विचारलं. विचारायचीच भीती वाटते. ती म्हणाली, "कुठलंच नको," तर?

कॉम्प्रेसरचं तू तिकडून पाठवते म्हणतेस. थांब जरा. आणि पाठवायचंच झालं तर शाळेच्या पत्त्यावर. घरी नको. हे मी दुसऱ्यांदा लिहितोय.

नेरेओ

रोसारिओ, २१ नोव्हेंबर

सुल्मा,

का केलंस?

खोकं मंगळवारी आलं. घरी. मी शाळेत होतो, तेक्ला बाजारात. पार्सलवाल्याने बेल वाजवली आणि ऑर्नेलाने सही करून घेतलं. वरती तुझं नाव, तुझा पत्ता, आणि तुझं ते मोठ्ठं, घाईघाईचं अक्षर. मी घरी आलो तेव्हा खोकं हॉलच्या मधोमध होतं आणि ती भिंतीला टेकून उभी होती.

"तू सांगितलंस."

एवढंच. मग खोलीत गेली. सूप खायची, तेही बंद आहे. भाजलेला ब्रेड बशीत तसाच परत येतो. माझ्याशी बोलत नाही. तेक्लाशी मान हलवते. डॉक्टरांनी सोमवारपर्यंत वाट बघायची म्हटलंय, त्यानंतर पुन्हा भरती. दवाखान्यात त्यांनी एक खाट सांगून ठेवलीये. मी तिथल्या त्या नळ्यांची स्वप्नं बघतो.

तुला वाटलं असेल, पोर मरतेय आणि हा पत्ते सांगत बसलाय. मला तुझा राग आलाय आणि तो मला परवडत नाही, कारण शब्द तू नाही मोडलास, मी मोडला. तरी आलाय.

खोकं अजून तिथेच आहे. त्याला वळसा घालून आम्ही जातो-येतो.

नेरेओ

रोसारिओ, ६ डिसेंबर

सुल्मा,

तुझी तार मिळाली. हो, ती घरीच आहे. खाटेवर नाही. इतके दिवस लिहिलं नाही कारण जे झालं ते कागदावर उतरवलं तर उडून जाईल अशी भीती वाटत होती. अजून वाटते. पण तुला आज लिहायलाच हवं, का ते शेवटी कळेल.

त्या रविवारी मी तिच्या दाराबाहेर जाऊन उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी सोमवार होता. डोक्यात भाषण तयार केलं होतं आणि दारापाशी गेल्यावर त्यातलं काही आठवेना. म्हणालो, "हो, सांगितलं. मला एकट्याला झेपेना."

मी तसाच उभा. मग आतून आवाज आला, "काय म्हणाली ती?"

"चार पानं शिव्या."

"मला?"

"छे. मलाच. पाचव्या पानावर मशीनची माहिती."

मग दार उघडलं. ती माझ्याजवळून हॉलमध्ये गेली, खोक्यापाशी बसली आणि तुझ्या अक्षरावरून बोट फिरवत राहिली. म्हणाली, "एवढं मोठं का पाठवलं तिने?"

मी म्हणालो, "तिला यावंसं वाटत होतं. मी येऊ दिलं नाही. मग जे जमलं ते पाठवलं."

"फोड."

आम्ही खोकं फोडलं. तिने थर्माकोलचे तुकडे एकेक करून बाहेर काढले, मशीनच्या पोटात हात घालून बघितलं, माहितीपत्रक झटकलं. तळाशी गॅरंटीचं कार्ड तेवढं निघालं, दुकानाचा शिक्का मारलेलं. "चिठ्ठीसुद्धा नाही," असं म्हणाली. सुल्मा, तू चिठ्ठी का घातली नाहीस हे मला माहीत आहे, मीच तुला इतकं घाबरवलं होतं. तिला मी तसंच सांगितलं. ती बराच वेळ कार्डाकडे बघत होती.

मग मी विचारलं. एकदाचं विचारलं. "ऑर्ने, तुला यातलं कोणतं हवंय? की कुठलंच नको?"

"आधी हे चालवून बघू."

तुझं मशीन उत्तम आहे, त्यात शंका नाही. भांडं आधी गोठवायला नको, झाकण काचेसारखं, आतलं सगळं दिसतं. तिने दूध ओतलं, साखर घातली, शेवटच्या स्ट्रॉबेऱ्या होत्या त्या टाकल्या. बटण दाबलं. मशीन आपलं मान खाली घालून काम करत राहिलं आणि मी, तेक्ला, ऑर्नेला तिघं त्याच्यासमोर उभे. थोड्या वेळाने ते स्वतःच थांबलं. आइस्क्रीम तयार. गुलाबी, मऊ, तसं तू कोपऱ्यावरच्या दुकानातही पाहिलं नसशील. मी वाटीत काढलं. तिने चमचा उचलला, खाली ठेवला. पुन्हा उचलला. तोंड फिरवलं.

मला वाटलं, संपलं सगळं. उद्या पिशवी भरायची.

ती म्हणाली, "मशीन सुरू झालं की तुम्हाला दोघांना काही काम उरत नाही. मग तुम्ही माझ्याकडे बघत बसता."

तेक्ला म्हणाली, "मग कुठे बघू गं? छताकडे?"

"पॉटच्या वेळी बाबा पॉटकडे बघत होता. बर्फ, मीठ, गळतंय का, झाकण नीट बसलंय का. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं." मग जरा थांबून म्हणाली, "पॉट वर आण. पण हँडल तू धर, बाबा. मला द्यायचं नाही. मी मागितलं तरी द्यायचं नाही."

ही शेवटची दोन वाक्यं तिने भिंतीकडे बघत म्हटली. मला वाटतं, गेल्या सहा महिन्यांत पहिल्यांदाच ती स्वतःच्या बाजूने बोलली.

मी पॉट आणायला जिना असा उतरलो की तेक्ला वरून ओरडली, "पडलास तर दोघांना दवाखान्यात पोचवायला लागेल!" स्ट्रॉबेऱ्या संपल्या होत्या, तेक्लाकडे मोसमातले पहिले पीच होते, ते चिरले. बर्फासाठी तिने शेजारच्यांचे फ्रीजरसुद्धा रिकामे केले. मी बसलो. ऑर्नेला बर्फ आणि मीठ भरत होती. बादली घसरू नये म्हणून तिने वरती पोतं टाकलं आणि त्यावर हात दाबून बसली. तेक्लाने ताल धरायला चर्चमधलं गाणं सुरू केलं, बेसूर.

तिने दोनदा हँडल मागितलं. पहिल्यांदा सहज, "दमलास का, दे." मी म्हणालो, "नाही." दुसऱ्यांदा तिचा आवाज बदलला होता. "थोडंच, बाबा. पाच फेरे. प्लीज, बाबा." सुल्मा, या पोरीने 'प्लीज, बाबा' म्हटलं आणि मी काही नाकारलंय असं तुला आठवतं का? तू यावरूनच माझ्याशी भांडायचीस. मी पॉटकडे बघत राहिलो आणि फिरवत राहिलो. ती मला नको नको ते बोलली. मी फिरवत राहिलो. माझे खांदे भरून आले होते, बोटं बर्फाने बधिर, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसायला हात मोकळा नव्हता. पण तिने पोत्यावरचे हात काढले नाहीत.

झाल्यावर तिने वाटी घेतली आणि खिडकीशी, आमच्याकडे पाठ करून बसली. मी मीठपाणी ओतायच्या निमित्ताने न्हाणीघराकडे गेलो, तेक्ला फरशी पुसायला लागली. फरशी स्वच्छ होती. चमचा वाटीला लागल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा. ती रडत रडत खात होती. वाटी संपली नाही. अर्धीही नाही. पण वाटीत घातलं होतं त्यापेक्षा कमी उरलं होतं, हे मी नंतर एकटा असताना नीट बघून घेतलं.

सोमवारी डॉक्टरांनी खाट तूर्तास नको म्हटलं. तूर्तास, हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला. सूप पुन्हा सुरू झालंय. एक दिवस आड पॉट फिरतो. मागच्या खेपेला तिने काही खाल्लं नाही, काल थोडं खाल्लं. बरी झाली असं समजून येऊ नकोस.

हो, ये. तेच सांगायला बसलोय. काल मी हँडल फिरवता फिरवता खांदा चोळत होतो, तर म्हणाली, "बाबाच्याने हे रोज होणार नाही. आईचे हात मजबूत आहेत." मी फिरवत राहिलो. तर म्हणे, "तिला विचार, फिरवेल का. पण म्हणावं, बोलायचं कमी."

तुझं मशीन तिने निवडलं नाही म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. ते तेक्लाने खाली नेलंय. रोज दूध-साखर आटवून केलेल्या दुल्से दे लेचेचं आइस्क्रीम करते आणि गाणाऱ्या बायकांना घालते. त्या तुला दुवा देतात.

आता नीट वाच. तिला बारीक झालीस म्हणू नकोस. छान दिसतेस असं तर मुळीच म्हणू नकोस, त्याचा ती भलताच अर्थ काढते. खाल्लंस का, किती खाल्लंस, हे विचारायचं नाही. घरून काही करून आणू नकोस, सफरचंदांची पेटीसुद्धा नको. तू आणि मी तिच्यासमोर भांडायचं नाही. भांडायचं असेल तर तेक्लाच्या घरी जाऊन भांडू, तिला आवडतं.

बस कोणती ते शाळेच्या पत्त्यावर नको, घरीच फोन करून कळव. फोन तीच उचलेल.

मी स्टँडवर येतो. तिथे बाकडी आहेत. तुला जे विचारायचंय, जेवढं रडायचंय, ते तिथेच उरकून घे, मी थांबेन तुझ्याबरोबर, घाई नाही. एकदा घरात शिरलो की मात्र आपण दोघांनी पॉटकडेच बघायचंय.

नेरेओ